प्रोफेसरांची नवी कवळी

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीताईच्या हातचं होतं. दातांच्या दवाखान्याच्या मागे तिची कामाची खोली होती. एक खिडकी, एक गॅसची शेगडी, वितळलेल्या मेणाचा वास आणि जिथे बोट लावावं तिथे प्लास्टरची पांढरी भुकटी. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घ्यायचे आणि मागे पाठवायचे. ताई त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायची, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची आणि तिच्यात एकेक दात रोवायची. फळीवर जबडेच जबडे मांडलेले असायचे. नवा माणूस आत आला की दचकायचा. एवढे सगळे आपल्यालाच हसतायत असं त्याला वाटायचं.

ताईला माणसं जबड्यावरूनच लक्षात राहायची. रस्त्यात एखाद्या बाईंनी हाक मारली की हिला आधी त्यांची खालची डावी दाढ आठवायची, मग त्यांचं आडनाव. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एकाला हसताना जवळून बघितलं, तेवढ्यावरच भागलं."

घरात ती आणि आई. आणि धाकटा, पण तो घरात कमी आणि आभाळात जास्त. वयाने तिच्यापेक्षा इतका लहान, की भावापेक्षा तो तिचा मुलगाच जास्त होता. नाक पुसण्यापासून गणितं सोडवून देण्यापर्यंत त्याचं सगळं तिनेच केलेलं. मोठा होऊन तो प्रवासी विमानावर सहवैमानिक झाला. तेव्हापासून घरावरून कुठलंही विमान गेलं की आई हातातलं काम टाकून वर बघायची आणि म्हणायची, "हळू ने रे बाबा." विमान कुणाचं, चाललंय कुठे, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. सांगून ठेवलेलं बरं, एवढंच.

आणि मग एके दिवशी धाकट्याचं विमान समुद्रावरून जाता जाता नाहीसं झालं.

जहाजांनी शोधलं, हेलिकॉप्टरांनी शोधलं. पंख नाही, शेपूट नाही, साधी एक खुर्चीसुद्धा पाण्यावर तरंगताना सापडली नाही. घरात धाकट्याचे चार शर्ट उरले आणि ताईच्या फळीवर त्याचा जबडा. झोपेत दात खायची त्याला लहानपणापासूनची खोड; म्हणून शेवटच्या खेपेला आला तेव्हा रात्री दातांवर बसवायचं झाकण करायला तिने ठसा घेतला होता. त्या जबड्याची एक प्रत तिने चौकशी करणाऱ्यांना पाठवली, कधी काही सापडलंच तर ओळख पटवायला. दुसरी फळीवरच राहिली. रोज सकाळी ती इतर कशालाही हात लावायच्या आधी त्या जबड्यावरची भुकटी फुंकून टाकायची.

विमान का बुडालं, हे चौकशी करणाऱ्यांना सोडून गावात सगळ्यांना माहीत होतं. बेकरीवाला म्हणायचा इंधन संपलं. पोस्टमनला समुद्री चाच्यांचा संशय होता. चाचे एवढ्या उंचावर पोचले कसे, हे मात्र तो सांगत नसे. बसच्या ड्रायव्हरने तर एका वाक्यात निकाल लावला, "ब्रेक लागले नसतील." ताईने हे सगळं ऐकून घेतलं. लोकांना करमणूक लागते, आणि आपलं दुःख ही दुसऱ्याची करमणूक असू शकते, हे दाताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण प्रोफेसरांचं प्रकरण निराळं होतं.

प्रोफेसर हे कुठल्याही कॉलेजात प्रोफेसर नव्हते. त्यांचं दिवे, पंखे आणि पाणी तापवायच्या हीटरांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बल्ब मागायला यायचं आणि प्रकाशाचा वेग ऐकून जायचं. बल्ब कधी कधी घ्यायचा राहूनच जायचा. त्यामुळे ते नाव पडलं आणि त्यांनी ते आनंदाने पाडून घेतलं. दर शनिवारी संध्याकाळी ते वाचनालयाच्या हॉलमध्ये कुठल्या तरी विषयावर बोलत. विमान हरवल्यापासून विषय शोधायचे त्यांचे कष्ट वाचले. टेबलावर निळा टॉवेल अंथरला की तो समुद्र, आणि हातात ट्यूबलाइट धरली की ते विमान. मागे खिळ्याला नकाशा.

पहिल्या शनिवारी विमानावर वीज पडली. विजेचं सामान विकणाऱ्या माणसाने दुसरं काय सांगावं? दुसऱ्या शनिवारी बॅटरीने पेट घेतला. तिसऱ्या शनिवारी वाऱ्याचा भोवरा. प्रत्येक वेळी ट्यूबलाइट टॉवेलात जायची आणि प्रत्येक वेळी समोरच्या खुर्च्या थोड्या जास्त रिकाम्या दिसायच्या. शेवटच्या रांगेत मात्र एक म्हातारी न चुकता बसलेली असायची. ती ताईची आई. विमानाबद्दल कुणी काहीही बोलत असलं तरी तिला ते ऐकायचं असायचं.

मग एका शनिवारी प्रोफेसरांनी ट्यूबलाइट खाली ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, "आज मी जे सांगणार आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तो सहवैमानिक जायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात आला होता. टॉर्चचे सेल घ्यायला. अर्धा तास बसला, एक शब्द बोलला नाही. हात असा गालावर, नजर जमिनीत. मी तेव्हाच मनात म्हटलं, या पोराच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. मंडळी, ते विमान पडलं नाही. ते पाडलं!"

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या.

हे पहिल्यांदा ऐकलं त्या संध्याकाळी आई घरी आली आणि चपला काढून बसली. मग म्हणाली, "अगं, खरंच होतं का त्याच्या मनात काही?"

ताईने चहाचा कप खाली ठेवला. "कुणाच्या?"

"जेवला नव्हता तो त्या दिवशी. सूप दिलं, तर अर्धं टाकलं. माझ्याशी धड बोललासुद्धा नाही."

"आई, अक्कलदाढ सुजली होती त्याची! मी स्वतः बघितली. ठसा घेताना केवढा ओरडला माझ्यावर. सकाळपर्यंत सूज उतरली, हसत गेला तो. तुला उठवू नको म्हणाला म्हणून उठवलं नाही मी."

"तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

"आणि प्रोफेसर सांगतात ते?"

"त्यांचं काय अडलंय खोटं बोलायला?" आई म्हणाली. "आणि त्यांच्याकडे नकाशा आहे."

नकाशापुढे ताईचं काही चालेना. त्यानंतर दोन-तीन वेळा घरावरून विमानं गेली. आईने मान वर केली नाही. ताईच्या काळजात जे पेटलं ते तेव्हा. भाऊ समुद्राने नेला होता आणि समुद्राशी भांडण करता येत नाही. पण आईच्या मनातला तो हसरा पोरगा एका बल्बवाल्याने नेला होता, आणि बल्बवाल्याचं दुकान पलीकडच्या वळणावरच होतं.

ती सरळ दुकानात गेली. "काका, तुम्ही शनिवारी जे बोललात ते मागे घ्या. त्याची दाढ दुखत होती."

प्रोफेसर तिच्याकडे मोठ्या करुणेने बघत म्हणाले, "ताई, बहीण म्हणून तुमच्या भावना मी समजू शकतो. पण भावना वेगळ्या आणि विज्ञान वेगळं."

"त्याला बोलायला तरी दिलंत का तुम्ही त्या अर्ध्या तासात?"

"मी उष्णतेच्या वहनाबद्दल बोलत होतो. त्याने एक प्रश्न विचारला नाही. निरोगी मनाचा माणूस विचारतो."

ताई दातओठ खात परत आली. त्या दिवशी तिने घासलेली एक कवळी इतकी पातळ झाली की पुन्हा करावी लागली.

आता नशीब म्हणा, न्याय म्हणा, की नुसता बेसिनचा गुळगुळीतपणा म्हणा. पुढच्याच आठवड्यात प्रोफेसर सकाळी कवळी धूत असताना ती हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्यातच बातम्यांच्या एका वाहिनीने त्यांच्या व्याख्यानाचं चित्रीकरण करायचं ठरवलेलं. 'सहवैमानिकाला ओळखणारा माणूस' म्हणून ते पडद्यावर झळकणार होते. बिनदाताचे प्रोफेसर धावत दवाखान्यात आले आणि डॉक्टरांना तोंडाने आणि हातवाऱ्यांनी मिळून समजावून सांगितलं, की दात येत्या शनिवारच्या आत पाहिजेत, आणि पांढरेशुभ्र पाहिजेत.

तासाभराने डॉक्टरांनी ठसा मागे पाठवला. प्रोफेसरांचं तोंड ताईच्या टेबलावर आयतं येऊन पडलं.

ती दार लावून त्याच्यासमोर बसली. एरवी माणसाचा सूड घ्यायचा म्हणजे केवढा खटाटोप. पाळत ठेवा, माणसं जमवा, योग्य वेळेची वाट बघा. इथे सगळं टेबलावर हजर. दात उंच बसवले तर जन्मात ओठ मिटणार नाहीत. सैल केली तर ऐन भाषणात कवळी पहिल्या रांगेत जाऊन पडेल. एक सुळा जरा पुढे काढला तर लहान मुलं दुकानावरून जायची बंद होतील. ताईने एकेका शिक्षेची चव घेतली. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटी तिने जे निवडलं ते बाहेरून दिसणारं नव्हतं. मेणाच्या कच्च्या कवळीची डॉक्टरांनी प्रोफेसरांच्या तोंडात तपासणी केली, ती ताईने अगदी निर्दोष करून दिली होती. अशा वेळी डॉक्टर प्रत्येकाला साठाच्या पुढचे आकडे म्हणायला लावत; त्यांतल्या 'स'पाशी नव्या दातांची खरी परीक्षा होते. "एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट," प्रोफेसर खणखणीत म्हणाले. डॉक्टर खूश झाले. मग मेणाच्या जागी पक्की कवळी झाली, आणि घासून चकचकीत करायच्या आधी ताईने वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर, एक बारीकशी खाच कोरली. जिभेला कळू नये इतकी गुळगुळीत. वाऱ्याला मात्र बरोबर कळावी अशी.

"पक्की त्यांनी तोंडात घालून पाहिली का?" डॉक्टर घाईत बाहेर पडता पडता म्हणाले.

"मेणाची तुम्हीच पाहिलीत की," ताई म्हणाली. "तुमची तपासणी काय चुकणार?"

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला. नवे दात चमकवत प्रोफेसर उभे राहिले आणि म्हणाले, "सज्जनहो..."

पहिली शिट्टी वाजली.

लोकांना वाटलं माइकची असेल. माइकवाल्याने वायर हलवली. "समुद्रसपाटीपासून..." प्रोफेसर म्हणाले, आणि त्या एका शब्दात रेफरीने तीन खेळाडूंना बाहेर काढावं तशा शिट्ट्या झाल्या. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. प्रोफेसर पाणी प्यायले. "सहवैमानिकाच्या मानसिक स्थितीसंबंधी..." तेवढ्यात रस्त्यावरचा एक कुत्रा आत धावत आला, टेबलासमोर बसला आणि शेपूट हलवत प्रोफेसरांकडे मोठ्या अपेक्षेने बघू लागला. कॅमेरा धरलेल्या माणसाचे खांदे हलत होते. बेकरीवाला डोळे पुसत होता. बसचा ड्रायव्हर ओरडला, "प्रोफेसर, डबल द्या, गाडी सुटू दे!" हॉल कोसळला. वाहिनीच्या माणसांनी सामान आवरलं. निळ्या टॉवेलच्या समुद्रात ट्यूबलाइट एकटीच पडून राहिली.

ताई भिंतीला टेकून उभी होती. ती हसत नव्हती. एकेक शिट्टी ती गिळत होती, तहानलेल्याने पाणी गिळावं तशी.

घरी येताना मात्र तिला राहवेना. "काय गं आई, कसं झालं आजचं व्याख्यान?"

"हसायला काय झालं होतं सगळ्यांना?" आई म्हणाली. "शिट्टी वाजली म्हणून बोलणं खोटं होतं का? मला तर त्या माणसाची दया आली. कवळी वाईट होती गं. तुझ्या हातची नसणारच; ज्यानं कुणी केली, तो चांगला शिकलेला नसेल."

ताईला आयुष्यात इतका अचूक फटका कुणी मारला नव्हता. हात तिचा, बदनामी तिची, आणि आईच्या मनात धाकटा अजून तसाच गालावर हात ठेवून बसलेला. प्रोफेसरांचं हसं झालं, पण त्यांनी जे पेरलं होतं ते जिथल्या तिथे होतं. सूड अर्धाच झाला होता. आणि उरलेला अर्धा फक्त त्याच तोंडातून बाहेर पडणार होता.

सोमवारी दुपारी प्रोफेसर तोंडावर रुमाल धरून आले. डॉक्टरांनी कवळी उलटीसुलटी करून पाहिली, टाळूवरून बोट फिरवलं आणि ते क्षणभर थांबले. मग मागच्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले, "हवामानाचा परिणाम असेल. आत ताईंना भेटा." आणि आपण पुढच्या पेशंटकडे वळले.

ताईने प्रोफेसरांना स्टुलावर बसवलं. फळीवरून धाकट्याचा जबडा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"शेवटच्या दाढेवर बोट ठेवा, काका. दिसतेय का अर्धवट वर आलेली? आणि भोवती हिरडी कशी फुगलीय बघा. प्लास्टरमध्येसुद्धा दिसते."

प्रोफेसरांनी बोट फिरवलं. "कोण हा?"

"ज्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं, तो. तुमच्या दुकानातून उठला तो इथंच आला. तेव्हाचा ठसा आहे हा."

प्रोफेसर गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं पाहणारी गावातली ती पहिलीच बाई असावी.

"तुमचा दात शेवटचा कधी दुखला होता, काका?"

त्यांनी आठवून पाहिलं. त्यांच्या तोंडात स्वतःचं असं काही न उरल्याला जमाना झाला होता. "आठवत नाही."

"म्हणूनच. दाढ दुखायला लागली की माणूस असाच बसतो, गालावर हात ठेवून. हे शेंबड्या पोराला कळतं. तुम्ही विसरलात, कारण दुखायला काही शिल्लकच नाही तुमच्याकडे."

"तरीसुद्धा शास्त्रीय शक्यता..." दोन शिट्ट्या. प्रोफेसरांनी चटकन रुमाल तोंडावर धरला.

"ती शिट्टी मीच घातलीय," ताई म्हणाली.

प्रोफेसर ताडकन उठले. लाल झाले, पांढरे झाले. "मी तक्रार करीन!"

"करा ना. कुठेही जा. पण सगळं तोंडानं सांगावं लागेल."

ते पुन्हा बसले. मग एकदम थकलेल्या आवाजात, शिट्ट्यांची पर्वा न करता म्हणाले, "ताई, एवढी माणसं एकाएकी नाहीशी होतात आणि त्याला काही कारणच नाही, हे कसं चालेल? मला झोप लागत नाही हो. काहीतरी कारण असायलाच पाहिजे."

हे बोलणं खरं होतं, आणि ते खरं आहे हे ताईला कळलंही. पण तिच्या मनात त्याला जागा नव्हती. "कारण होतं की तुमच्याकडे. वीज होती, बॅटरी होती, वारा होता. पण तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या भरायला तुम्ही माझा भाऊ घेतलात."

प्रोफेसरांनी हातातला जबडा हळूच टेबलावर ठेवला.

"येत्या शनिवारी," ताई म्हणाली, "त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलामागे, हीच कवळी घालून दाढेचं सांगायचं. आणि विमान का बुडालं ते तुम्हाला माहीत नाही, हेही सांगायचं. मग खाच भरून देईन."

"दाढेचं सांगतो. पण माहीत नाही असं कसं म्हणू? लोक काय म्हणतील?"

"मग वाजवा शिट्ट्या."

शनिवारी मागच्यापेक्षा जास्त गर्दी होती. लोक व्याख्यानाला आलेच नव्हते, शिट्टी ऐकायला आले होते. कुत्रा तर आधीच येऊन बसला होता. प्रोफेसर उभे राहिले. टॉवेल नाही, ट्यूबलाइट नाही. नकाशा मात्र मागे होता. तो काढू नका, असं ताईनेच बजावलं होतं. "सहवैमानिकाची अक्कलदाढ सुजली होती," ते म्हणाले, आणि सगळ्या शिट्ट्या जागच्या जागी वाजल्या. हॉल हसला. "म्हणून तो गप्प बसला होता. मी ती सूज स्वतःच्या बोटानं तपासली." लोक पुन्हा हसले, जरा कमी. "मी त्याच्याविषयी जे सांगितलं, ते साफ चुकीचं होतं." आता फक्त शिट्टीच ऐकू आली.

प्रोफेसर थांबले. पुढचं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. जबड्याला त्याची सवय नव्हती. त्यांनी एकदा ताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

"विमान का बुडालं," ते म्हणाले, "मला माहीत नाही."

त्यात एकही 'स' नव्हता; हे वाक्य मात्र कवळीने मुकाट्याने बाहेर जाऊ दिलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. बसच्या ड्रायव्हरने उगाचच टोपी काढली.

शेवटच्या रांगेतून आई उठली, गर्दीतून वाट काढत ताईजवळ आली आणि तिचा दंड घट्ट धरून म्हणाली, "अगं, दाढ होती त्याची! सुजली होती बिचाऱ्याची. म्हणून जेवला नाही तो. मनात काही नव्हतं गं त्याच्या."

"हो का?" ताई म्हणाली.

"प्रोफेसरांनी स्वतः तपासलंय. तुला कसं माहीत नव्हतं? दातांच्या दवाखान्यात काम करतेस ना?"

ताईने तिच्यासाठी हॉलचं दार उघडलं. आई पुढे चालू लागली होती. कोपऱ्यावर वरून एक विमान गेलं तेव्हा ती थांबली, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि पुटपुटली, "हळू ने रे बाबा."

सोमवारी ताईने गुलाबी मसाल्याचा एक थेंब टाळूवरच्या खाचेत सोडला, तो घट्ट झाल्यावर घासला आणि कवळी प्रोफेसरांच्या हातात दिली. "म्हणा."

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट," प्रोफेसर म्हणाले. एकही शिट्टी नाही. त्यांचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे आता तुमचा राग गेला म्हणायचा."

"नाही," ताई म्हणाली.

तिने प्रोफेसरांचा प्लास्टरचा जबडा उचलला. असे जबडे काम झालं की ती फोडून टाकायची. हा तिने फळीवर ठेवला, धाकट्याच्या जबड्याच्या बरोबर समोर, आणि कोरायची पाती कपड्याला पुसून त्याच्या शेजारी.

"आता म्हणा, विमान."

प्रोफेसरांनी फळीकडे पाहिलं, पातीकडे पाहिलं, आणि नवे पांढरेशुभ्र दात ओठांआड घट्ट मिटून घेतले.